डी ड्राइव्हवर ठेवलेली नाटकं

“अजून एकदा चालू करून बघ ना,” मोरेश्वरकाका म्हणाले.

“नको काका. आता नाही चालू करायचा.” सुमंतने हात मागे घेतला. “जितक्या वेळा चालू करू, तितकी आतली चकती खरवडली जाईल.”

संगणकाचं झाकण काढून त्याने गालिच्यावर ठेवलं होतं. मघाशी एकदाच बटण दाबलं तेव्हा आतून टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज आला होता, थोडं थांबून पुन्हा तोच. हा आवाज कशाचा असतो ते सुमंतला ठाऊक होतं. ते काकांना कसं सांगायचं, एवढंच ठाऊक नव्हतं.

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. निवृत्त सर्जन, वय ऐंशीच्या घरात, पण पाठीचा कणा ताठ. अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलच्या आसपास हळदसुद्धा मिळत नव्हती त्या काळात ते इथे आले. इथलं मराठी मंडळ त्यांनीच सुरू केलं आणि त्यानंतर दर वर्षी एक नाटक बसवलं. दिग्दर्शक काका, नायिका शुभाकाकू, आणि बाकीची पात्रं मिळतील ती. ती सगळी नाटकं व्हिडिओ टेपवर होती. दोन हिवाळे खपून काकांनी एकेक टेप संगणकावर उतरवून घेतली होती. येत्या पाडव्याला मंडळाचा मोठा वाढदिवस होता, आणि त्या दिवशी सगळ्यांना एकदम दाखवायचं म्हणून त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. एकालाही प्रत दिली नव्हती.

“टेप्स असतीलच ना काका?” सुमंतने विचारलं.

“टाकल्या. त्या बुरशी धरायला लागल्या होत्या रे. पण त्यात काय एवढं, कॉपी आहे ना! डी ड्राइव्हला आहे सगळं. शैलेंद्रचं सॉफ्टवेअर रोज कॉपी करत होतं. हिरवी टिक यायची. ती टिक बघितली आणि मगच मी टेप्स गार्बेजमध्ये टाकल्या. मी काय मूर्ख आहे का?”

सुमंतने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

ही डी ड्राइव्हची भानगड इथे जन्मलेल्या माणसाला सांगून कळायची नाही. ती आपल्याकडची. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात ज्या घरांत पहिल्यांदा संगणक आला, तो गल्लीतल्या दुकानदाराने जोडून दिलेला असे. दुकानदार आतल्या एकाच डिस्कचे दोन भाग पाडे, एक सी आणि एक डी, आणि जाताना बजावून जाई की महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा. मग व्हायरस आला की तो यायचा, सी पुसायचा, नव्याने भरायचा, आणि डीमधलं खरंच वाचलेलं असायचं. त्यातून एका अख्ख्या पिढीची श्रद्धा बसली की डी म्हणजे सुरक्षित. ही पिढी इंजिनियर झाली, अमेरिकेत आली, घरं घेतली, पण श्रद्धा जागची हलली नाही. एकाच घरातल्या दोन खोल्या त्या. घराला आग लागली की दोन्ही जळणार, हे त्यांना दिवसभर संगणकावर बसूनसुद्धा सुचत नाही.

काका त्या पिढीतले नव्हते. त्यांचा संगणक मांडून देणारा शैलेंद्र मात्र अस्सल त्यातलाच होता. त्याने एका डिस्कचे दोन भाग पाडले आणि आपलं ‘निश्चिंत प्रो’ एका भागातून दुसऱ्या भागात कॉपी करायला लावून दिलं.

“काका, सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत,” सुमंत म्हणाला. “ही डिस्क गेली म्हणजे दोन्ही गेलं.”

काका उघड्या खोक्यावर वाकले. मग म्हणाले, “पण टिक यायची.”

“लॅबला पाठवतो मी. अशा डिस्कमधून डेटा काढणाऱ्या लॅब असतात.”

“मिळेल ना?”

“बघू,” सुमंत म्हणाला. न मिळण्याचीच शक्यता जास्त होती.

गाडी पार्किंगमध्ये पिवळीधमक झाली होती. एप्रिलात इथली पाइनची झाडं एवढा पराग सोडतात की नाक, डोळे, काचा, सगळं बरबटून जातं. वायपर फिरवला तर त्याचा चिखल झाला. सुमंतने गाडीत बसूनच शैलेंद्रला फोन लावला.

शैलेंद्रची ओळख सांगायची तर तो तीन वर्षांपूर्वी सुमंतच्या गॅरेजमध्ये आला होता, हे आधी सांगायला हवं. कारण त्याच गॅरेजमध्ये सुमंतचं ‘शिंकाळं’ तयार झालं. शिंकाळं म्हणजे घरच्या संगणकातल्या फायलींची दुसरीकडे प्रत ठेवणारं छोटंसं सॉफ्टवेअर. मांजराचं तोंड पोचू नये म्हणून दुधाचं भांडं टांगून ठेवावं, तसं. सुमंत ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा. दिवसभर लोकांची घाण उपसून आल्यावर त्याला वाटे, आपण एक तरी गोष्ट अशी करावी जिच्यात घाण नसेल. त्या वेळी तो व्हिसावर होता आणि नोकरीबाहेर एक सेंटही घ्यायला परवानगी नव्हती, म्हणून त्याने ते फुकट ठेवलं. पुढे ग्रीन कार्ड आलं, तोवर फुकट द्यायची सवय लागून गेली होती.

शिंकाळ्याचा एकच हट्ट होता. प्रत त्याच डिस्कवर ठेवायला सांगितली तर ते साफ नकार द्यायचं. ‘दोन्ही एकाच डिस्कवर आहेत. दुसरी डिस्क जोडा,’ असं लाल अक्षरांत सांगायचं आणि पुढे सरकायचंच नाही.

या एका नकारापायी सुमंतने काय काय ऐकलं! ओहायोतला एक गृहस्थ त्याला कचरा म्हणाला, ब्राझीलमधल्या एकाने आईवरून शिवी दिली. ती परक्यांची, म्हणून त्याने सोडून दिली. पण आपल्या लोकांची पत्रं वाचून त्याला किळस यायची. ‘भाऊ, डी ड्राइव्ह चालत नाही म्हणजे काय फालतूपणा?’ ‘फुकट देतोयस म्हणजे आमचा डेटा विकत असणार.’ एका बाईंनी तर रात्रीच्या विमानाआधी फोन करून सगळं समजावून सांगण्याचा हुकूम सोडला होता, आणि त्याने समजावूनही सांगितलं होतं. त्यावर आभाराचा शब्द नाही, उलट मेल आला की तुमचं मराठी ऐकायला कंटाळवाणं आहे. ज्याला दमडी द्यायची नाही त्याच्यावर माणसं एवढी का डाफरतात, हे कोडं त्याला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

खुद्द मोरेश्वरकाकांनीही झापलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला होता. “तुझं मशीन मला नाही म्हणतं! चाळीस वर्षं मी लोकांची पोटं उघडली, आणि हे उद्धट कार्टं मला शिकवतंय?” सुमंत म्हणाला होता की मी स्वतः एक डिस्क आणून जोडून देतो. “नको, टेबलावर वायरींचं जंजाळ शुभाला आवडत नाही,” म्हणून काकांनी विषय संपवला, आणि शैलेंद्रला बोलावलं.

आणि शैलेंद्र! गॅरेजमध्ये बसून सुमंतच्या बायकोच्या, सुचित्राच्या हातची थालीपिठं चापत, ‘यार, तू जीनियस आहेस’ म्हणत त्याने सगळं समजून घेतलं. कोड उघडाच होता, न्यायला कुणाचीच हरकत नव्हती. त्याने तो नेला, निळा रंग दिला, नकार काढून टाकला, त्याच्या जागी एक मोठी हिरवी टिक बसवली, आणि गावोगावच्या मराठी मंडळांत विकायला सुरुवात केली.

“हां, बोल सुमंत,” शैलेंद्रचा आवाज आला. मागे कुठेतरी पियानोचा क्लास चालू होता.

“काकांची डिस्क गेली. तू कॉपी त्याच डिस्कवर ठेवत होतास.”

“ओह नो. यार, दॅट्स सॅड. पण टर्म्समध्ये लिहिलंय आपण, की एक्स्टर्नल डिस्क रेकमेंडेड आहे.”

“टर्म्स कोण वाचतं? मी तिथे नकार ठेवला होता. तो तू काढलास.”

“काढायलाच लागला ना! कस्टमरला कुणी नाही म्हणतं का? लोक अनइन्स्टॉल करत होते. त्यांना टिक हवी असते यार, आपण टिक देतो.”

“टिक कशाची? काहीच सुरक्षित नव्हतं.”

“हे बघ, कॉपी तर झाली होती ना? टेक्निकली टिक खोटी नाही.” शैलेंद्रने आवाज खाली आणला. “आणि सुमंत, कॉपी करणारं इंजिन तुझंच आहे. हे बाहेर गेलं तर दोघांचंही नाव खराब होईल. पाडव्याचा प्रोग्रॅम मी स्पॉन्सर केलाय. लेट्स नॉट मेक इट ऑकवर्ड. डिस्क जुनी होती, एवढंच म्हणू या.”

सुमंतने फोन बंद केला. त्याला हात धुवावेसे वाटले.

लॅबकडून आठवड्याभराने उत्तर आलं. चकतीचा वरचा थर पूर्ण खरवडला गेला होता, हाती काही लागणार नव्हतं. सुमंतने काकांना फोन केला. काका “अच्छा, अच्छा” म्हणाले. पेशंट दगावल्याचं कळवणाऱ्याला ते तसंच म्हणत असतील. मग त्यांनी विचारलं, “एकही नाही? लहानसंसुद्धा?” आणि सुमंत नाही म्हणाला.

पाडव्याचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता. भगवे फेटे, नथी, दाराशी झिरमिळ्यांची गुढी, पोरांची इंग्रजीत पळापळ. आवाजाची व्यवस्था नेहमीप्रमाणे सुमंतकडे. तेही फुकटच, आणि तिथेही माइक शिट्टी वाजवायला लागला की सगळ्या माना त्याच्याकडे वळायच्या. नाटकं दाखवायची होती तो अर्धा तास आता रिकामा झाला होता. तिथे समितीने प्रायोजकांचा सत्कार घातला.

शैलेंद्रला शाल दिली, नारळ दिला. तो माइकसमोर आला, हात जोडले, आणि चेहरा पाडून बोलायला लागला.

“आपल्या काकांच्या बाबतीत जे झालं, त्याचं मला पर्सनली खूप दुःख आहे. पण मी ट्रान्सपरंट राहणार. आमच्या प्रॉडक्टच्या आत जे जुनं इंजिन होतं, ते कम्युनिटीमधून घेतलेलं होतं. फ्री होतं. वी ट्रस्टेड इट. आता आम्ही ते पूर्ण रीराइट करतोय. मित्रांनो, एकच लेसन आहे. फुकटच्या गोष्टीवर आपल्या आठवणी सोपवू नका.”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काका आणि शुभाकाकू बसले होते. काकूंनी जरीची साडी नेसली होती आणि त्या समोर बघत होत्या. टाळ्या त्या दोघांनी वाजवल्या की नाही, ते सुमंतला मागून दिसलं नाही. बोलताना शैलेंद्रचा आवाज चढला होता, तेव्हा तो फाटू नये म्हणून सुमंतचा हात आपोआप बटणाकडे गेला होता आणि त्याने तो नीट बसवला होता. आपण हे केलं हे लक्षात आलं, तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली.

जेवणाच्या रांगेत सत्यजित भेटला. हा मंडळाचा खजिनदार, स्वभावाने वाईट नाही. “अरे, ते इंजिन म्हणजे तुझंच ना? शिंकाळं का काय ते? बग होता का त्यात?”

“बग नव्हता.”

“हां, पण फ्री म्हटलं की टेस्टिंग कोण करणार, नाही का?” सत्यजितने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि श्रीखंडाचा डाव उचलला. “होतं रे. मनाला नको लावून घेऊस.”

सुमंतने ताट तसंच टेबलावर ठेवलं. ते श्रीखंड, तो वेलदोड्याचा वास, थोपटणारे हात, सगळ्याचा त्याला एकदम वीट आला. बारा वर्षं, म्हणजे मुलीची शाळा, सुट्ट्या, सुचित्राबरोबर फिरायला जायच्या संध्याकाळी, हे सगळं त्याने ज्यांच्यासाठी खर्ची घातलं ती ही माणसं. चांगल्या पगाराची, शिकलेली, नारळ फोडणारी आणि हिरव्या टिकेला भुलणारी.

गाडीत सुचित्रा म्हणाली, “तू उठून बोलला का नाहीस? माइक तुझ्या हातात होता.”

“काय बोलायचं होतं?”

“खरं काय ते!”

“ते ऐकायला अर्धं मिनिट डोकं लावावं लागतं, सुचित्रा. शैलेंद्रचं पाच सेकंदांत कळतं.”

“मग बंद कर ते. मी कधी म्हटलं नाही, आज म्हणते. थुंकायला दिलंयस तू त्यांना अंगण. बंद करून टाक.”

त्या संध्याकाळीच त्याने ते बंद केलं. वेबसाइटवरून शिंकाळं उतरवलं आणि त्या जागी एक ओळ लिहिली की हे सॉफ्टवेअर यापुढे मिळणार नाही. कारण दिलं नाही. एवढी वर्षं उभं केलेलं मोडायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण वाटला तो नुसता सुटकेचा थकवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. “तुझ्या वेबसाइटवर तर शिंकाळं आता मिळणार नाही म्हणून लिहिलंय. तुझ्याकडे ते असेल ना? घेऊन ये.”

काकांच्या टेबलावर नवा संगणक होता आणि शेजारी वायर लावलेली एक वेगळी डिस्क, खोक्यातून नुकतीच काढलेली. शुभाकाकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी दार लोटून घेतलं.

“शैलेंद्र काल बोलला ते खरं का?”

सुमंतने रात्रभर उत्तर घोळवलं होतं. त्यात बरंच काही होतं, शैलेंद्र होता, थालीपिठं होती, ओहायोही होतं. समोर त्या म्हाताऱ्या माणसाचा ताठ कणा बघून त्यातलं काहीच बोलावंसं वाटेना.

“माझं सॉफ्टवेअर तुम्हाला नाही म्हणालं होतं, काका.”

“हो,” काका म्हणाले. “मी त्याला उद्धट म्हणालो होतो.” ते थोडं थांबले. “ऑपरेशन करणार नाही असं मीही कितीतरी जणांना सांगायचो. करून उपयोग नसायचा. ते उठायचे आणि करून देणारा डॉक्टर शोधायचे. मला त्यांचा इतका राग यायचा सुमंत! आणि आपली पाळी आली तेव्हा मी तेच केलं. दुसरा डॉक्टर शोधला.”

त्यांची समजूत काढायला हवी होती, पण सुमंतकडे तेवढी माया त्या क्षणी उरली नव्हती, आणि खोटी माया दाखवायची नव्हती.

“बसव ते,” काका म्हणाले. “मराठीतलं.”

“काका, पण कॉपी कशाची करणार?”

“बसव तर.”

त्याने शिंकाळं बसवलं. काकांनी स्वतः माउस हातात घेतला. नव्या संगणकावर त्यांनी एक फोल्डर आधीच करून ठेवलं होतं, ‘नाटकं’ नावाचं. तेच निवडलं. कुठे ठेवायचं म्हणून विचारणा झाल्यावर नवी डिस्क दाखवली. या वेळी लाल अक्षरं आली नाहीत. काकांनी बटण दाबलं.

दोन क्षणांत पडद्यावर ओळ उमटली. सुमंतनेच ती कधीतरी लिहिली होती, एखाद्याने चुकून रिकामं फोल्डर निवडलं तर काय सांगायचं म्हणून.

काकांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. “या फोल्डरमध्ये कॉपी करायला काही नाही.”

त्यांचा आवाज अजून रंगमंचावरचा होता. घरभर गेला असावा, कारण आत भांड्यांचा आवाज थांबला.

“मी ते बंद करतो काका,” सुमंत घाईने म्हणाला.

“राहू दे. खरं सांगतंय.” काका पडद्याकडेच बघत होते. “टिक देत नाही ना ते?”

“नाही.”

“बरं आहे. आणि लोकांसाठी पुन्हा चालू करणार का?”

“नाही.”

“बरं,” काका म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही, आणि त्या एका गोष्टीबद्दल सुमंतला त्यांच्याविषयी पुन्हा आदर वाटला. “आता पुढे काय करायचं असतं?”

“आता डिस्क काढायची आणि लांब ठेवायची. निदान दुसऱ्या खोलीत.”

दार उघडून शुभाकाकू आल्या. हाताला कणीक होती. त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली, मग नवऱ्याकडे बघितलं. “सापडलं का एखादं?” असं त्यांनी विचारलं नाही. “वायर अशी लोंबकळत नका ठेवू, पायात येईल,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि मनगटाने डोळ्यांवरचे केस मागे सारले.

“काढतोय,” काका म्हणाले.

त्यांनी वायर काढली, नीट गुंडाळली, आणि ती कोरी डिस्क दोन्ही हातांत धरून ते उठले. बोळातून झोपायच्या खोलीकडे ते सावकाश चालत गेले, वाटेत भिंतीचा आधार न घेता, कारण हात मोकळा नव्हता. कपाट उघडल्याचा आवाज आला. आत जागा करत असावेत, थोडा वेळ गेला. मग कपाट बंद झालं आणि किल्ली फिरली.